आइस्क्रीमच्या काड्यांचा वाडा: आधी सांगाडा, मग भिंती

आइस्क्रीमच्या काड्यांचं घर म्हटलं की बहुतेकांना एकावर एक आडव्या काड्या रचून केलेली झोपडी आठवते. शाळेच्या प्रकल्पासाठी ती एका रविवारात उभी राहते आणि पहिल्या पावसाळ्यात पिळवटते. मी केलेलं पहिलं घरही असंच होतं. ऑगस्टमध्ये त्याची एक भिंत बोटभर बाहेर आली आणि छप्पर एका बाजूने उचललं गेलं.

मला खरं तर वाडा करायचा होता. माझं माहेर जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या एका वाड्यात. काही वर्षांपूर्वी तो उतरवला. उतरवताना आधी कौलं काढली, मग विटा-मातीच्या भिंती पाडल्या. त्यानंतर दोन दिवस नुसता लाकडाचा सांगाडा उभा होता. तळखड्यांवर (खांबाखालच्या दगडांवर) खांब, खांबांवर तुळया (भार घेणारी आडवी लाकडं), तुळयांवर कड्या (त्यांना आडवी जाणारी लाकडं) आणि सगळ्यांत वर आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं लाकूड. भिंत एकही नव्हती, तरी सांगाडा जागचा हलत नव्हता. मी लहानपणापासून त्या घरात वावरले, पण ते कशावर उभं आहे हे मला त्या दोन दिवसांत कळलं. वाड्यात भिंत फक्त मोकळी जागा भरते, भार लाकूड वाहतं. काड्यांचं घर करतानाही हाच क्रम ठेवला की ते वाड्यासारखं दिसतं आणि टिकतंही. पुढची सगळी कृती याच क्रमाने लिहिली आहे.

बांधायचं आहे ते असं: रस्त्याकडे तोंड असलेला, तीन खण (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण) रुंद आणि दोन खण खोल दुमजली वाडा. पुढे दगडी ओटा, मधल्या खणात दरवाजा, वरच्या मजल्याला सज्जा आणि दोन्हीकडे उतरतं कौलारू छप्पर. चौक असलेला मोठा वाडा हाच खण पुढे वाढवून करता येतो, पण पहिला एवढाच करा.

आधी एक वाडा नीट पाहून या

हे काम टाळू नका. रविवार कारंज्यावरून सराफ बाजाराकडे आणि तिथून तिवंध्याच्या गल्ल्यांमध्ये सकाळी लवकर चालत गेलात, तर उभे असलेले वाडे अजून सापडतात. सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा तर बाहेरूनही बघण्यासारखा आहे. खाली काळा पाषाण, वर लाकूड, आणि दोन्ही जिथे भेटतात ती रेघ. कुणाच्या राहत्या वाड्याचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा. "काका, जरा दरवाजा बघू का?" म्हटलं तर बहुतेक जण आत बोलावून माजघरापर्यंत दाखवतात.

बघायचं काय? दर्शनी बाजूला किती खण आहेत ते मोजा. एक खण साधारण पाच फुटांचा असतो. जोतं, म्हणजे घराखालचा चौथरा, किती उंच आहे, वरचा मजला खालच्यापेक्षा किती बुटका आहे, कड्यांची टोकं भिंतीबाहेर किती आली आहेत, छप्पर सज्ज्याच्या पुढे किती आलं आहे, हे वहीत उतरवा. टेप नसला तर पावलांनी आणि वितींनी मोजा.

वेळ असेल तर पांडवलेण्यांनाही एक चक्कर मारा. तिथे ३ क्रमांकाच्या लेण्यात, जिथे सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, व्हरांड्याच्या तळाशी कोरलेल्या तुळया सहा यक्षांनी खांद्यावर तोलून धरल्या आहेत. १८ क्रमांकाच्या चैत्याच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावरही लाकडी घराचे वासे आणि तुळया दगडात कोरल्या आहेत. डोंगर कोरताना तुळईची काहीच गरज नव्हती, तरी त्या कारागिरांनी लाकडी घराची रचना जशीच्या तशी दगडात आणली. भार कुठून येतो आणि कशावर उतरतो हे त्या यक्षांकडे पाहून जितकं पटकन समजतं, तितकं वाचून समजत नाही.

माप: एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट

साधी आइस्क्रीमची काडी ११.४ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड असते. १ सेंटिमीटरला १ फूट धरलं की हिशोब फार सोपा होतो. काडीची रुंदी एक फूट होते. दोन्ही गोल टोकं ७-७ मिलिमीटर छाटली की बरोबर १० सेंटिमीटरचा, म्हणजे दोन खणांचा तुकडा मिळतो. अर्धी काडी म्हणजे एक खण. साडेपाच फुटांचा माणूस या वाड्यात साडेपाच सेंटिमीटरचा होईल.

या मापाने वाडा असा बसतो. खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत रुंदी १५ आणि खोली १० सेंटिमीटर, जोतं २, खालचा मजला ९ आणि वरचा ७.५ सेंटिमीटर. वरचा मजला खालच्याइतकाच उंच ठेवलात तर घर चाळीसारखं दिसेल. वाड्याचं रूप त्या दीड सेंटिमीटरच्या फरकात आहे.

सामान

मेन रोडला स्टेशनरीच्या दुकानांत साध्या काड्यांची पाकिटं मिळतात. शंभराची दोन घ्या. शिवाय १५ सेंटिमीटर लांब आणि १.८ सेंटिमीटर रुंद अशा मोठ्या काड्यांचं एक पाकीट लागेल. चिकटवायला सुतार वापरतात तो घट्ट एसएच फेविकॉल घ्या. झटपट चिकटणारा गोंद या कामाला नको. तो ठिसूळ असतो, काडी जरा हलली की सांधा तडकतो, आणि सरळ करायला वेळही देत नाही.

हत्यारांमध्ये चांगला कटर, लोखंडी पट्टी, छोटा गुण्या (काटकोनाची पट्टी), हॅक्सॉ ब्लेड, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर आणि कपडे वाळत घालायचे दोनेक डझन चिमटे लागतील. आलेख कागद, पारदर्शक प्लॅस्टिक, ६ मिलिमीटर प्लायचा ३० बाय २५ सेंटिमीटरचा तुकडाही हवा. आणि द्राक्षांचे दोन रिकामे खोके. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशकात ते कुठल्याही फळवाल्याकडे मिळतात. जोतं आणि कौलं दोन्ही त्या पुठ्ठ्यातून निघतात.

काड्या आणल्या की पहिल्या संध्याकाळी फक्त निवड करायची. एकेक काडी डोळ्यासमोर आडवी धरून बघा. सरळ काड्या एकीकडे, वाकलेल्या आणि गाठीच्या दुसरीकडे. पाव पाकीट तरी वाकडं निघतं. टाकू नका, त्या काड्या भिंतींत आणि जोत्यात जातील. सरळ काड्यांमधूनही ज्यांच्या रेषा काडीला समांतर धावतात त्या वेगळ्या काढा, कारण त्याच उभ्या चिरता येतात.

कापणं

पट्टी लावून दर काडी वेगळी मोजली की प्रत्येक तुकडा केसभर कमी-जास्त होतो, आणि बारा खांब उभे केल्यावर वरची तुळई डुलते. म्हणून मापाचा एक साचा करा. प्लायच्या तुकड्यावर एक काडी आडवी चिकटवा, हा अडसर. तिथून १०, ९, ८.५, ७.५, ७ आणि ५ सेंटिमीटरवर गुण्याने रेघा मारा. काडी अडसराला टेकवायची आणि रेघेवर हॅक्सॉ ब्लेडने कापायची. माप एकदाच घेतलेलं असल्यामुळे चूक झाली तरी सगळ्या तुकड्यांत सारखीच होते, आणि सारखी चूक घराला वाकडं करत नाही.

उभी चीर देणं थोडं हातखंड्याचं काम आहे. काडीच्या मध्यावर पेन्सिलने रेघ मारा, लोखंडी पट्टी दाबून धरा आणि कटर हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवा. उलटी करून पुन्हा तसंच. मग ती अलगद दुभंगते. पहिल्याच फटक्यात जोर लावलात तर पातं लाकडाच्या रेषेमागे जातं आणि चीर तिरकी होते. पट्टी धरलेल्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत नकोत. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर करत असाल तर ही एक पायरी मोठ्यांनी करावी, बाकी सगळं मुलं करू शकतात.

अशा सुमारे सव्वाशे अर्ध्या पट्ट्या लागतील, प्रत्येकी ५ मिलिमीटर रुंद. छाटलेली गोल टोकं एका डबीत ठेवा.

रंग आधी, गोंद नंतर

फेविकॉल लागलेल्या जागी रंग शिरत नाही, तिथे कायमचा पांढुरका डाग राहतो. त्यामुळे सांगाड्याच्या पट्ट्या चिकटवण्याआधीच रंगवून घ्या. मी दोन मोठे चमचे चहाची पावडर एक कप पाण्यात उकळून, थंड करून तेच पाणी वापरते. दोन हात दिले की जुन्या सागाच्या जवळ जाणारा रंग येतो. ओल्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर जड पुस्तकं ठेवा, नाहीतर वाळताना धनुष्य होतं. उन्हात ठेवू नका. नाशिकचं एप्रिलचं ऊन एका बाजूने लाकूड ओढून घेतं. तेल मात्र आत्ता लावायचं नाही, तेलावर फेविकॉल धरत नाही.

सांगाडा

या कामाला घाई चालत नाही. मी यालाच दोन रविवार दिले.

वाड्याचा सुतार खांबाच्या माथ्यावर खाच पाडून तुळईची कूस, म्हणजे खाचेत जाणारा भाग, त्यात बसवतो. २ मिलिमीटरच्या काडीत खाच कोरणं शक्य नाही, पण खांब तीन थरांचा केला की खाच आपोआप मिळते. बाहेरचे दोन थर ९ सेंटिमीटरचे आणि मधला ८.५ सेंटिमीटरचा. मधला थर अर्धा सेंटिमीटर कमी असल्यामुळे माथ्यावर २ मिलिमीटर रुंद फट राहते. आपली ५ मिलिमीटरची पट्टी उभ्या कडेवर त्या फटीत बरोबर बसते. तीच तुळई.

याहून सोपी गोष्ट अशी की खांब आणि तुळई वेगवेगळे करावेच लागत नाहीत. आलेख कागदावर चार खांबांची एक रांग काढा, खांबांच्या मध्यरेषा ५-५ सेंटिमीटरवर. वर पारदर्शक प्लॅस्टिक पसरा, म्हणजे काम कागदाला चिकटणार नाही. आता ९ सेंटिमीटरच्या चार पट्ट्या रेघांवर आडव्या ठेवा. त्यांच्यावर फेविकॉलची पातळ रेघ ओढून ८.५ सेंटिमीटरच्या पट्ट्या बसवा, तळाच्या कडा जुळवून. माथ्याशी उरलेल्या जागेत तुळई आडवी ठेवा. मग सगळ्यावर ९ सेंटिमीटरचा तिसरा थर. चिमटे लावा, बाहेर आलेला गोंद ओल्या कापडाने पुसा आणि वर वजन ठेवून रात्रभर सोडा. सकाळी अख्खी रांग उचलून बघा, कागदाच्या तुकड्यासारखी हलकी आणि दारासारखी घट्ट असते.

तुळईची लांबी दोन्ही टोकांच्या खांबांची जाडी धरून १५.५ सेंटिमीटर होते, आणि एवढी काडी नसते. म्हणून ती १०.२५ आणि ५.२५ अशा दोन तुकड्यांची करा. हे दोन तुकडे खांबाच्या माथ्यावरच भेटले पाहिजेत, दोन खांबांच्या मध्ये कधीही नाही. मधोमध सांधा आला तर तुळई तिथेच बसेल. पुढच्या रांगेत तुकडे उलटे लावा, म्हणजे सगळे सांधे एका ओळीत येत नाहीत. खालच्या मजल्यासाठी अशा तीन रांगा लागतात: पुढची, मधली, मागची.

जोतं सांगाडा वाळेपर्यंत तयार होतं. द्राक्षांच्या खोक्याचा पुठ्ठा १६.५ बाय १४ सेंटिमीटरचा कापून, २ सेंटिमीटर उंची होईपर्यंत थर एकमेकांवर चिकटवा. पुढे राहणारी तीन-साडेतीन सेंटिमीटरची पट्टी म्हणजे ओटा. बाजूंना वाकड्या काड्यांचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे आडवे लावा, खालच्या ओळीचा सांधा वरच्या दगडाच्या मध्यावर येईल असे. काडी १ सेंटिमीटर रुंद असल्यामुळे दोन ओळींत जोतं पूर्ण होतं. तुकड्यांच्या कडा पॉलिश पेपरने जरा मारा आणि काळ्या रंगात थोडा पांढरा मिसळून लावा. निव्वळ काळा लावलात तर डांबरासारखं दिसतं, आपला पाषाण करडा असतो. सगळा बांधलेला भाग प्लायवर चिकटवून त्यावर बारा खांबांच्या जागा आखा आणि प्रत्येक जागी १ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा करडा रंगवून लावा. हा तळखडा. खऱ्या वाड्यात खांब जमिनीच्या ओलीपासून वाचावा म्हणून तो दगडाचा असतो. इथे तो नसला तरी घर उभं राहील, पण खांब जमिनीतून उगवल्यासारखा दिसेल.

आता तिन्ही रांगा उभ्या करायच्या. दोन रांगांमध्ये ४.४ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, म्हणून पुठ्ठ्याचे तेवढ्याच रुंदीचे दोन-तीन ठोकळे करून मध्ये उभे धरा. तळखड्यावर गोंदाचा थेंब, त्यावर रांग, गुण्याने काटकोन. तिन्ही उभ्या राहिल्या की वरून दोन्ही कर्ण मोजा, बाहेरच्या कोपऱ्यापासून समोरच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सुमारे १८.८ सेंटिमीटर आले पाहिजेत. एक जास्त आणि एक कमी आला तर घर तिरकं आहे. गोंद ओला असेतो हाताने ढकलून सरळ करा. इथे राहिलेला तिरकेपणा पुढे छपरापर्यंत पाठ सोडत नाही.

कड्या मोठ्या काड्यांच्या. मोठी काडी उभी तीन भागांत चिरा. कडेच्या दोन पट्ट्यांच्या टोकाला एका बाजूने गोलाई राहते, त्या हव्यात. मधली पट्टी इतर कामाला ठेवा. मागचं टोक कापून लांबी १२.५ सेंटिमीटर करा, पुढचं गोल टोक तसंच राहू द्या. ही पट्टी उभ्या कडेवर, गोलाई खाली करून, तुळयांवर आडवी ठेवा. मागे ती भिंतीशी संपते आणि पुढे सव्वादोन सेंटिमीटर बाहेर डोकावते. बाहेर आलेलं गोल टोक वाड्याच्या कोरीव कडीसारखंच दिसतं, आणि त्यासाठी आपल्याला काहीच कोरावं लागत नाही. दर सव्वा सेंटिमीटरला एक अशा तेरा कड्या बसतात. सगळ्यांची पुढची टोकं एका ओळीत यावीत म्हणून समोर एक पट्टी उभी धरा.

कड्यांवर पाट घाला, म्हणजे साध्या काड्या दर्शनी बाजूला समांतर एकीला एक खेटून. सांधे कडीवरच आणा. हाच कडीपाट वरच्या मजल्याची जमीन आणि खालच्याचं छत. घर उचलून खालून बघितलंत तर माजघराचं छत दिसेल, म्हणून खालची बाजूही रंगवलेलीच वापरा.

वरच्या मजल्याच्या तीन रांगा अशाच, खांब मात्र ७.५ आणि मधला थर ७ सेंटिमीटर. पुढच्या आणि मागच्या रांगेतली तुळई दोन्हीकडे दीड-दीड सेंटिमीटर बाहेर काढायची, कारण छपराची टोकं तिच्यावर बसणार आहेत. तुकडे ६.५, ५ आणि ६.५. आणि प्रत्येक वरचा खांब बरोबर खालच्या खांबाच्या डोक्यावर. माझी भाची हे करताना म्हणाली, "आत्या, वरचा खांब थोडा सरकला तर कुणाला कळणार?" तिला मी एक काडी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्ये बोट दाबायला सांगितलं. नंतर तीच पुस्तकाच्या बरोबर वर दाबायला सांगितलं. ती पुढे न विचारता पेन्सिलने खांबांच्या जागा आखू लागली.

भिंती

सांगाडा पूर्ण उभा राहिल्यावरच भिंतींना हात लावा. मागची आणि दोन्ही बाजूंची भिंत वाकड्या काड्यांची. दोन खांबांमध्ये ४.५ सेंटिमीटर मोकळं राहतं, बाजूंना ४.४. तेवढे तुकडे एकावर एक आडवे बसवत जा. बाजूच्या भिंतीत खिडकी हवी असेल तर २ बाय ३ सेंटिमीटरची जागा सोडा. फार खिडक्या करू नका. जुन्या गल्लीत वाडे एकमेकांना खेटून असल्यामुळे बाजूंना उघडायला जागाच नसे.

वर गिलावा द्या. बागेतली माती कोरडी करून मलमलच्या कापडातून चाळा, त्यात फेविकॉल आणि थोडं पाणी घालून दह्याइतकी दाट करा आणि जुन्या ब्रशने पातळ लावा. वाळताना बारीक भेगा पडतात, त्या राहू द्या. वरून चुन्यासारखा पांढरा रंग द्या, पण खांबांच्या रेषा मोकळ्या ठेवा. पांढऱ्या भिंतीत लाकडाची उभी-आडवी चौकट दिसणं हेच तर हवं आहे.

दर्शनी बाजू

मधल्या खणात दरवाजा. चौकट अर्ध्या पट्ट्यांची, दोन फळ्या प्रत्येकी दीड सेंटिमीटर रुंद आणि सात सेंटिमीटर उंच. फळीमागे दोन आडव्या पट्ट्या लावा. पितळी फुल्यांसाठी मोहरीचे दाणे ओळीत चिकटवून सोनेरी रंगवा. वरच्या आडव्या लाकडावर, गणेशपट्टीच्या मध्यावर, शेंदरी ठिपका द्या. उजव्या फळीत छोटी दिंडी (दारातलं लहान दार) कोरायची हौस असेल तर ती फळी कापण्याआधी कोरा, नंतर होत नाही. बाजूचे दोन खण खाली अर्धे भरा आणि वर उभे गज लावा. गजांना दात कोरायच्या काड्या छान चालतात.

वरच्या मजल्याला प्रत्येक खणात एक खिडकी आणि तिच्यावर महिरप. अर्धी पट्टी वीसेक मिनिटं पाण्यात उकळा, गरम असतानाच औषधाच्या बाटलीभोवती हळूहळू वाकवा आणि रबर लावून एक दिवस ठेवा. कडक वाळल्यावर तो बाक टिकतो. चारातली एक तरी मोडते, म्हणून जास्त घ्या. सज्ज्याचा कठडा दात कोरायच्या काड्यांचा, अडीच सेंटिमीटर उंच, वर एक पट्टी. डबीत ठेवलेली गोल टोकं इथे कामी येतात. मधून चिरली की पाव-गोल तुकडे मिळतात, ते खांब आणि तुळईच्या कोनात लावले की घोड्यांसारखे, म्हणजे तुळईला खालून टेकू देणाऱ्या लाकडांसारखे, दिसतात.

छप्पर

वरच्या मधल्या रांगेच्या चारही खांबांवर २.९ सेंटिमीटरचे आखूड खांब बसवा, तसेच तीन थरांचे. त्यांच्या खाचांत आढं. लांबी १८ सेंटिमीटर, तुकडे ६.५, ५ आणि ६.५. २.९ हा आकडा उताराचा आहे. पाच सेंटिमीटरला एवढी चढण म्हणजे ३० अंश. नाशकात कौलाला यापेक्षा कमी उतार दिला तर पाणी कौलाखाली मागे शिरतं. लहान घराला पाणी लागणार नाही, तरी चपटं छप्पर डोळ्याला लगेच खटकतं.

वासे ८.७ सेंटिमीटरचे. त्यांच्या माथ्याचा तिरका काप प्रत्येक वेळी अंदाजाने मारू नका. आलेख कागदावर पाच आडवा आणि २.९ उभा असा त्रिकोण काढा, त्यावर वासा ठेवून रेघ मारा आणि पहिला वासा बाकीच्यांचा साचा करा. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. अडीच सेंटिमीटर पुढे आल्यामुळे ते सज्ज्याच्या कठड्यापेक्षा थोडे बाहेर पडतात, म्हणजे पागोळ्या कठड्यावर न पडता बाहेर पडतील. वाशांवर पातळ कार्डचा पत्रा टाका. रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या) सगळीकडे लावण्याची गरज नाही. खालून दिसतात त्या कडेच्या दोनच लावा.

कौलांसाठी आधी मी गोल टोकांचा प्रयत्न केला. २ मिलिमीटर जाडीमुळे प्रत्येक ओळ पायरीसारखी वर आली आणि छप्पर खवल्यांचं दिसू लागलं, म्हणून ते काढून टाकलं. द्राक्षांच्या खोक्याचा पुठ्ठा वापरा. वरचा कागद ओल्या स्पंजने भिजवून दहा मिनिटांनी सोला, आतल्या नळ्या उघड्या पडतात. वाळल्यावर नळ्या उतारावर उभ्या येतील अशा १.३ सेंटिमीटर रुंद, १८ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा आणि खालून वर लावत जा, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर ३ मिलिमीटर चढवून. एका बाजूला नऊ पट्ट्या. आढ्यावर शेवटी एक दुमडलेली पट्टी. रंग विटकरी, पण एकसारखा नको. वाळल्यावर ओल्या कापडाने मधूनमधून काळपट पुसा, आणि दोन-चार कौलांवर हिरवट छटा द्या. पावसाळ्यानंतर आपली कौलं तशीच होतात.

शेवटचा हात

सगळं घर दोन दिवस वाळलं की दिसणाऱ्या लाकडाला कापडाने जवसाचं तेल हलकं पुसा. तेल लागलेलं कापड चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा पेटू शकतो. ते पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

ओट्यावर गेरूचा हात आणि दारासमोर दोन पायऱ्या. रांगोळीसाठी सुईच्या टोकाने पांढऱ्या रंगाचे ठिपके.

जून ते सप्टेंबरमध्ये करत असाल तर प्रत्येक सांध्याला दुप्पट वेळ द्या, आणि उरलेल्या काड्या घट्ट झाकणाच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवा. तयार घर बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, ओल तिथूनच येते. दिवाळीत किल्ल्याच्या पायथ्याशी मांडायचं असेल तर ओल्या मातीवर थेट नको, खाली एक फरशी ठेवा.

माझ्या वाड्याच्या तळाच्या प्लायवर, खालच्या बाजूला, मी पेन्सिलने माहेरच्या घराची मापं लिहिली आहेत: खण किती, जोतं किती, दरवाजा किती हात. काही बाबांना विचारून, काही आठवून. उरलेल्या दोन ओळी मोकळ्या आहेत. मागच्या चौकाचे खण किती होते ते काकूंना विचारायचं आहे. त्यांनी सांगितले की मागचा भागही याच प्लायला जोडून बांधायला घेणार आहे.